तीन बोटं मावतील एवढं तोंड

मी सहा वर्षांची असताना तलावाच्या सांडव्यावर पाय घसरून पडले आणि हनुवटीवर आपटले.

आमचं गाव सावली तालुक्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं. गावाला लागून मोठा तलाव आहे. बाबा त्यात मासोळी धरायचे आणि दिवाळीच्या सुमारास शिंगाडे काढायचे. त्या दिवशी त्यांनी डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, ओल्या शिंगाड्यांची टोपली काठावर ठेवली. माझी मोठी बहीण त्यातले ओंजळभर घेऊन पळाली आणि मी तिच्यामागे धावले. सांडव्याच्या दगडावर शेवाळ होतं. हात टेकायलाही वेळ मिळाला नाही.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिने मला उचललं, ओढणी माझ्या हनुवटीला दाबून धरली आणि ओरडली, "बाबा, हिची हनोटी फुटली!" जवळच्या दवाखान्यात तीन टाके पडले. सगळे त्या टाक्यांकडे बघत होते. मी मात्र सांगत होते, "माहा कान दुखते." मायने कानात कोमट तेलाचे दोन थेंब सोडले. आठ-दहा दिवस मी भाताच्या पेजेवर होते. मग टाके निघाले, जखम भरली, आणि पडण्याची गोष्ट घरातले सगळे विसरून गेले. मीसुद्धा.

पुढचं लक्षात आलं ते बाईच्या. सकाळी तीच माझे दात घासून द्यायची. एक दिवस ती म्हणाली, "मोठा आ कर ना व."

"करून तर राह्यली."

"एवढासाच? लाडात येऊन राह्यली काय?"

मी लाडात आले नव्हते. ब्रश मागच्या दाढांपर्यंत जात नव्हता. काही महिन्यांनी तो आडवाही जाईना. सातव्या वर्षी वरचे समोरचे दोन दात पडले तेव्हा वर्गातल्या मुली मला हसल्या, पण मला ती खिडकी मिळाल्यासारखं झालं. त्या फटीतून मी बोटाने भात आत सारायची. बाकीची लेकरं नवे दात कधी येतात म्हणून आरशात बघत. मी रोज जिभेने चाचपायची आणि ते येऊ नयेत असं मनात म्हणायची. ते आले, आणि वाकडे आले. तोवर माझा खालचा जबडा उजवीकडे सरकायला लागला होता. तोंड मिटलं की वरचे दात एकीकडे आणि खालचे दुसरीकडे. डावीकडचा गाल सपाट दिसायचा. हनुवटी कुणीतरी बोटाने ढकलून ठेवल्यासारखी दिसायची. जेवताना गालाचं आतलं कातडं दातांत सापडायचं आणि भाताला रक्ताची चव लागायची.

नऊ वर्षांची होईपर्यंत वरच्या आणि खालच्या दातांमध्ये करंगळीचं नख जाईल एवढीच जागा उरली.

माझा भात वेगळा शिजायचा. मायला धानाच्या रोवणीच्या, कापणीच्या दिवसांत पहाटेच जावं लागे, म्हणून ते काम बाईकडे होतं. ती भात मऊसूत शिजवायची, त्यात पातळ वरण नाही तर मासोळीचा रस्सा घालायची, काटे निवडायची आणि पळीने घोटायची. शिंगाडे उकडून, पाट्यावर वाटून, दुधात कालवून द्यायची. चव तीच असायची. पण मला चव नको होती. मला ते हिरवं टरफल दातांनी फोडायचं होतं, जसं बाकीची लेकरं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून फोडत आणि सालं पाण्यात थुंकत. जांभई अर्ध्यावर अडायची आणि कानापुढे कळ उठायची. बाबा तलावात लांब असले की काठावरून सगळी लेकरं आपापल्या बापाला हाका मारत. माझी हाक दातांतच राहायची. मग बाईच माझ्या वतीने हाक मारायची, "बाबाऽ, तुमाले लहानी बलावते!" बाबा हात वर करायचे तो मात्र माझ्याकडे बघून.

उपाय काही कमी झाले नाहीत. एका वैदूने मोहाच्या बियांचं तेल चोळायला सांगितलं. मावशीने नवस बोलला. शेजारच्या काकी म्हणायच्या, "मोठी झाली की होते सुधं." शाळेत कविता म्हणताना माझा आवाज दातांमागून यायचा म्हणून गुरुजींनी मला म्हणायला लावणं सोडून दिलं. त्यांनी ते दयेनेच केलं. मला मात्र म्हणायचं होतं.

चौथीत असताना शाळेत मुलांची तपासणी करायला गाडी आली. गाडीतून एक डॉक्टर मॅडम उतरल्या. व्हरांड्यात रांग लागली. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी बॅटरी लावली आणि म्हणाल्या, "आ कर बाळा."

मी ओठ फाकवले.

"लाजू नको. मोठा आ."

मागून एक मुलगी म्हणाली, "तिचं तोंड उघडतच नाई मॅडम. ती तशीच हाये."

मॅडमनी बॅटरी खाली ठेवली. मला जवळ ओढलं, आपल्या दोन्ही करंगळ्या माझ्या दोन्ही कानांत हलकेच घातल्या आणि म्हणाल्या, "आता जमेल तेवढं तोंड उघड, मीट. उघड, मीट." मी करत राहिले. त्या डोळे मिटून ऐकल्यासारखं करत होत्या. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी कधी हनुवटीवर पडली होतीस?"

तीन वर्षांत हे मला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. मी हनुवटीखालची टाक्यांची खूण दाखवली.

त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं, "आपली मधली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घालून बघा." चाळीस लेकरांनी तीन तीन बोटं तोंडात घातली. कुणाची लाळ गळायला लागली, कुणी हसून लोटपोट झालं. मी हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होते. एवढी जागा प्रत्येकाच्या तोंडात असते हे मला माहीतच नव्हतं.

मॅडमनी मायला बोलावून घेतलं. बाई त्या वेळी मूल शहरातल्या कॉलेजात बारावीला होती, बसने जायची-यायची. त्या दिवशी तिला सुट्टी होती म्हणून तीही आली. मॅडमनी माझ्या कानापुढे बोट ठेवून मायला सांगितलं, "जबड्याचा सांधा इथे असतो. पडली तेव्हा हा आतून मोडला. मोडलेलं हाड जुळताना कवटीच्या हाडालाच चिकटून गेलं. तेल लावून ते सुटायचं नाही. आणि सांधा हलत नाही म्हणून या बाजूचा जबडा वाढतही नाही. जशी मोठी होईल तसा चेहरा आणखी वाकडा होईल, दात आणखी फसतील. नागपूरला ऑपरेशन करून घ्या."

मायने पदर तोंडाला लावला. "आमी समजलो, पोरीच्या नशिबातच दातखीळ हाये. म्या तर त्या दिवशी कानात तेल टाकलं होतं मॅडम."

"तुमची चूक नाही. हनुवटीची जखम डोळ्यांना दिसते. कानापुढचा सांधा दिसत नाही. लेकरू हनुवटीवर पडलं तर तोही बघावा लागतो, हे कुणाला माहीत असतं?"

बाईने विचारलं, "मग थे खाऊ शकन, मॅडम? सगळं?"

"ऑपरेशन चांगलं झालं आणि त्यानंतर व्यायाम नीट केला तर सगळं खाईल."

त्या संध्याकाळी बाईने मला पाळीवर नेलं आणि विचारलं, "पहिले काय खाशीन?" मी एक एक सांगत गेले आणि ती ऐकत बसली. पेरू, भुईमुगाच्या शेंगा, भाजलेलं कणीस, बोरं, मासोळीचं तळलेलं डोकं. अंधार पडायला लागला तरी माझी यादी सरली नव्हती.

नागपूरच्या खेपा सुरू झाल्या. गावाहून मूल, मूलहून सिंदेवाही, नागभीड करत बस नागपूरला पोचायची. बाबा एक्स-रेची मोठी पिशवी छातीशी धरून बसायचे, ती दुमडेल म्हणून बसमध्ये मांडीवरसुद्धा ठेवत नसत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटोत दाखवलं. डाव्या बाजूला सांध्याची काळी रेघ होती. उजव्या बाजूला रेघ नव्हती, नुसता पांढरा गोळा होता. तारीख मिळाली ती फेब्रुवारीतली. माय आणि बाबा माझ्याबरोबर आले. बाईची बारावीची परीक्षा त्याच महिन्यात होती, म्हणून ती घरी राहिली.

ऑपरेशनची मला फार थोडी आठवण आहे. तोंड उघडत नसल्यामुळे श्वासाची नळी मी जागी असतानाच नाकातून घालावी लागली. एका सिस्टरचा अंगठा मी मुठीत घट्ट धरला होता. जाग आली तेव्हा डोक्याभोवती पट्टी होती, कानापुढे जळत होतं आणि जीभ ओठांना लागत होती. जीभ बाहेर काढता येत होती. मी ती मायला काढून दाखवली. माय रडत रडत हसली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा आणला. "अर्धं काम आम्ही केलं," ते म्हणाले, "उरलेलं अर्धं तुमचं. या काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये सारायच्या. रोज एखादी वाढवायची. दुखणार. पण थांबलात तर हाड पुन्हा जुळेल आणि तोंड पुन्हा बंद होईल. निदान वर्षभर थांबायचं नाही."

नऊ काड्यांपासून सुरुवात झाली. डॉक्टर घालायचे तेव्हा चौदापर्यंत जायच्या. मायच्या हातून आठच्या पुढे जाईनात. मी कण्हले की ती काड्या काढून घ्यायची. बाबा तर पहिल्या काडीलाच व्हरांड्यात निघून जायचे. दोन दिवसांनी डॉक्टरांनी मोजलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तेसुद्धा आता दहाच्या पुढे जाऊ शकत नव्हते. वॉर्डातल्या सिस्टर मायला म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरी कोणी कडक मनाचं आहे का?"

बाबांनी घरी फोन केला.

बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. खांद्यावर कॉलेजची बॅग, तिच्यात दोन कपडे आणि बाकी सगळी पुस्तकं. तिचा इंग्रजीचा पहिला पेपर सहा दिवसांवर होता. ठरलं होतं असं, की तिने चार दिवस राहायचं, मायला शिकवायचं आणि परत जायचं.

तिने साबणाने हात धुतले, खुर्ची माझ्या पलंगाला लावली, काड्या मोजून हातात घेतल्या आणि म्हणाली, "उघड."

मी रडले. तिने वाट पाहिली. रडणं थांबलं तशी पुन्हा म्हणाली, "उघड." अकरा गेल्या. बाराव्या काडीला मी तिच्या हाताला नखं रुतवली. तिने हात हलवला नाही. दिवसातून सहा वेळा हे चालायचं. काड्या तोंडात ठेवून दहा मिनिटं बसायचं असे, आणि त्या दहा मिनिटांत ती मला आपली पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची. राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल. माझ्या तोंडातून लाळ गळत असायची आणि ती राज्यसभेची रचना वाचत असायची. शेजारच्या पलंगावरची म्हातारी म्हणायची, "तुही बहीण मास्तरीण होईन पाहा." बाई मान वर करून म्हणायची, "हाव ना काकी. डीएड करतो मी बारावी झाली की."

मी तिचा राग राग करायची. एकदा काड्या बाहेर निघाल्याबरोबर मी तिला म्हटलं, "तू माही बाई नाईस."

"बरं," ती म्हणाली. "उद्या पंधरा."

चौथ्या दिवशी बॅग भरायची वेळ आली. सकाळची काड्यांची पाळी तिने मुद्दाम मायकडून करून घेतली आणि स्वतः दाराशी उभी राहून बघितलं. माय दहावर थांबली. दुपारीही दहा. बाईने डॉक्टरांना गाठलं. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ती परत आली, बॅगेतली पुस्तकं काढून तिने पलंगाखालच्या कप्प्यात पुन्हा रचली आणि बाबांना म्हणाली, "तुमी अन् माय गावाले जा. मी राह्यतो इथी."

बाबा गडबडले. "अन् पेपर?"

"पेपर जुलैतबी होते. हिचं तोंड जुलैत नाई उघडत."

"वर्ष जाईन ना बाई तुहं."

"जाऊ द्या."

तिचा आवाज अगदी साधा होता. मी दहा वर्षांची होते. मला फक्त एवढं समजलं, की उद्यापासून पुन्हा पंधरा काड्या. मी भिंतीकडे तोंड केलं.

पेपरच्या दिवशी सकाळी मात्र तिने काही वाचलं नाही. काड्या माझ्या तोंडात ठेवून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दहाची पंधरा मिनिटं झाली तरी तिला काढायचं भान नव्हतं. मीच पलंगाची कडी वाजवली.

तीन आठवड्यांनी आम्हाला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. फाटकाबाहेर एक गाडीवाला समोसे तळत होता. बाईने एक समोसा घेतला, फुंकून गार केला आणि माझ्या हातात दिला. "चाव."

चार वर्षांत मी दातांनी काही तोडलं नव्हतं. मी तोंड उघडलं, समोसा आत गेला, मी चावा घेतला. पण वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसतच नव्हते, त्यामुळे पारी तुटली आणि सगळा आलू खाली रस्त्यावर पडला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मग बाई हसायला लागली आणि तिच्याबरोबर मी हसले, तोंड उघडून, आवाज करून. माझा हसण्याचा आवाज असा आहे हे मला तेव्हाच कळलं. गाडीवाल्याने वळून पाहिलं. बाईने दुसरा समोसा घेतला आणि तो बाजूच्या दाढांनी कसा चावायचा ते स्वतः करून दाखवलं.

बसमध्ये उमरेड गेल्यावर मला जांभई आली. ती अडली नाही. येतच राहिली. बाई म्हणाली, "मिटव आता, म्हैस जाईन आतमंदी," आणि माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

घरी आल्यावरही दिवसातून सहा वेळा काड्या चालू राहिल्या. जुलैत तिने परीक्षा दिली. ती रोवणीच्या ऐन दिवसांतली होती. सकाळी ती धानाच्या बांधीत चिखलात असायची, अधूनमधून काड्यांसाठी घरी धावत यायची, आणि पुस्तक हातात धरलं की झोपायची. बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिला. पुढच्या वेळी देतो म्हणाली. त्याआधीच स्थळ आलं. सिरोंचाकडचं घर, प्राणहितेच्या काठावरचं, मासोळीचं आणि मिरचीच्या शेतीचं काम. माणसं चांगली होती. बाई नाही म्हणाली नाही.

लग्न उन्हाळ्यात, आमच्याच अंगणात झालं. मला नवा फ्रॉक होता आणि माझ्या तोंडात आता अठरा काड्या मावत होत्या. मी पंगतीत बसले आणि उठलेच नाही. वडे, बुंदी, मसालेभात, वांग्याची भाजी. मी सगळं चावून खाल्लं. लोक कौतुकाने वाढत होते, "घे व लहानी, तुहे तर दिवस आता आले." एका बाजूला रडण्याचा आवाज येत होता, पण लग्नात कुणी ना कुणी रडतंच, असं मला वाटलं. हात धुवून मी अंगणात आले तेव्हा गाडी गावाबाहेर पडली होती. माय उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "बाई तुले पाहून राह्यली होती कितीतरी वेळ. मंग म्हणाली, जेवू द्या तिले, उठवू नोका."

मी पाळीपर्यंत धावले. रस्त्यावर फक्त धूळ होती. मी हाक मारली. आता आवाज निघत होता, मोठा निघत होता, तलावाच्या त्या काठाला ऐकू जाईल एवढा. गाडी फार लांब गेली होती.

त्या दिवसाबद्दल मी तिच्याशी कधी बोलले नाही. तिनेही विषय काढला नाही. पण पंगतीतून मी उठले असते तर, हे माझ्या मनातून जात नाही. चार वर्षं जिच्या हातून घोटलेला भात खाल्ला, तिला निरोप देताना माझं तोंड भरलेलं होतं.

ती गेल्यावर काड्या मी स्वतः घालायला लागले आणि हळूहळू टाळायला लागले. दर दोन दिवसांनी तिचा फोन यायचा. "किती?" "अठरा." मी खोटंच सांगायची. एके दिवशी ती फोनवर म्हणाली, "तुहे शब्द चिकटून राह्यले. खरं सांग." मी खरं सांगितलं. पंधरा. तिकडे पाऊस लागला होता, नाल्यांना पूर होता, आलापल्लीकडचा रस्ता बंद होता. तिला येता येण्यासारखं नव्हतं. "फोन पाटावर ठेव," ती म्हणाली. "अन् एक एक काडी मोज, मले ऐकू आली पाह्यजे." मग रोज असंच सुरू झालं. मी मोठ्याने मोजत काड्या घालायची. तोंड भरलं की मोजता यायचं नाही, तिथून पुढे तीच मोजायची आणि मी प्रत्येक काडीला नखाने पाट वाजवायची. तिच्या मागे कधी नदीवरचा वारा ऐकू यायचा, कधी अनोळखी भाषेतली माणसं. कधी रेंज जायची. मी काड्या तोंडात धरून तशीच बसून राहायची, ती पुन्हा लागेपर्यंत.

दिवाळीपर्यंत पुन्हा अठरा झाल्या. पुढे दातांना तारा लागल्या, चावा जवळजवळ जुळला. हनुवटी अजून थोडी उजवीकडे आहे. मोठेपणी आणखी एक ऑपरेशन करता आलं असतं, पण मी केलं नाही. मला ती तशीच सवयीची झाली आहे.

मी नर्स झाले. आता गडचिरोलीत नोकरीला आहे, खोली भाड्याने घेऊन राहते. कामाचा भाग म्हणून शाळांत, आश्रमशाळांत जाते. लेकरू पडलं असं कुणी सांगितलं की मी आधी कानापुढे बोट ठेवते. लेकरांच्या घोळक्यात एखादी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी धाकटीला कडेवर घेऊन उभी असली की माझं काम क्षणभर थांबतं.

गेल्या हिवाळ्यात रजा काढून मी बाईकडे गेले. गडचिरोलीहून सिरोंचाची बस दिवस घेते. आष्टी, आलापल्ली, मग दोन्ही बाजूंनी जंगल, मग एकदम उघडी नदी. बाई थांब्यावर उभी होती. अंगाने भरली आहे. शेजारणींशी भराभरा तेलुगू बोलते. तिची दोन्ही लेकरं मला पिन्नी म्हणतात, म्हणजे मावशी. अंगणभर मिरची वाळत घातली होती आणि सगळ्या घराला तिचा तिखट वास होता.

मी तिच्यासाठी बारावीच्या परीक्षेला बाहेरून बसायचा अर्ज घेऊन गेले होते. दुपारी लेकरं बाहेर खेळायला गेली तेव्हा तो तिच्यापुढे ठेवला. तिने हात पुसून तो घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"हे काऊन आणलं?"

"एकच विषय राह्यला ना बाई तुहा. माह्यामुळं."

"तुह्यामुळं?" तिने अर्जाची घडी घातली. मग म्हणाली, "तुले अजून तसंच वाटते काय व? मले त्या पेपरची लय भीती वाटून राह्यली होती. इंग्रजी काहीच येत नव्हतं. तुह्या काड्याचं निमित्त भेटलं तं मले बरंच वाटलं."

"खरं?"

"मंग खोटं काऊन सांगू?"

ती उठून मिरची हलवायला गेली. मी तिच्यामागे गेले. दोघी वाकून मिरच्या उलट्या करत राहिलो. ती पेपरच्या दिवशी खिडकीपाशी पाठमोरी उभी होती, ते मला दिसत होतं. पण तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला नव्हता. ती सुटल्यासारखी उभी होती की रडत होती, हे सांगणारं आता तिच्याशिवाय कुणी नाही, आणि तिने जे सांगितलं ते माझ्यासाठी की खरंच तसंच, हे मला अजून कळलेलं नाही. ती कडक मनाची आहे. सांगणार नाही.

तीन दिवस राहून मी निघाले. अर्ज तिने परत दिला नाही, भरलाही नाही. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाई खाली उभी राहून माझा हात धरून बोलत होती, मायला गुडघ्याचं तेल दे, बाबांना आता डोंग्यात एकट्यानं जाऊ देऊ नको. मी म्हटलं, "बाई, गडचिरोलीले ये ना माह्याकडे. आठ दिवस. लेकरं घेऊन ये. मी शिजवून घालीन तुले."

"येतो ना."

"कधी?"

"मिरची तोडून होऊ दे."

बस सुटली. मी मान बाहेर काढून तिच्याकडे बघत राहिले, ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत. त्याला आता तीन महिने होत आले. रविवारी मी खोली झाडते, जास्तीच्या चादरी उन्हात घालते आणि तिला फोन लावते. तिकडे मिरचीची तोडणी अजून चालूच आहे.